साखर, विठोबा आणि लाइव्ह लोकेशन

शेगावहून माणसं सातशे किलोमीटर चालत येतात आणि आम्ही सोलापूरकर शेवटच्या पंचाहत्तर किलोमीटरच्या तोंडाशी उभं राहून त्यांना केळी वाटतो. आमची वारी ती एवढीच. गजानन महाराजांची पालखी उळ्याकडून शहरात शिरली की पांढऱ्या कपड्यांतली ती शिस्तीची रांग बघायला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झुंबड उडते. कुणाच्या हातात सरबताची बादली, कुणाच्या हातात राजगिऱ्याचे लाडू, कुणी नुसताच मोबाइल वर धरून उभा. मुक्काम उरकून पालखी तिऱ्ह्याच्या रस्त्याला लागली की आम्ही घरी येऊन पंखा लावतो. पंढरपूरला काय, कधीही जाता येतं. एसटीनं जेमतेम दोन तास. या ‘कधीही’पायी आमच्या गल्लीत तिरुपती, काशी आणि दुबईसुद्धा करून आलेली अशी माणसं आहेत, ज्यांनी विठोबा शेवटचा बघितला तो शाळेच्या सहलीत.

मीही त्यातलीच. मला घराबाहेर काढलं ते एचबीएवनसीनं.

ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगते. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या मुदतीत तुम्ही काय काय खाल्लंत त्याचा हिशोब अंगावर वागवतात. म्हणजे लॅबला जायच्या आदल्या दिवशी आमरस टाळून काही उपयोग नाही. मी जन्मभर पतसंस्थेत खतावण्या लिहिल्या, पण इतकं चोख ऑडिट कधी बघितलं नव्हतं. आकडा आला ६.८. साडेसहापासून मधुमेहाची हद्द सुरू होते. डॉक्टर म्हणाले, ‘‘चाला.’’

सोलापुरात चालायचं कधी, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. एप्रिल-मे महिन्यात सकाळी आठलाच ऊन डोक्यात शिरतं आणि संध्याकाळी सातलासुद्धा डांबर तापलेलं असतं. म्हणून आम्ही बायकांनी पहाटे सिद्धेश्वर तलावाकडं फिरायला जायला सुरुवात केली. आधी एक फेरी, मग बसून सुनांचा विषय, मग येताना इडली. इडलीला तेल लागत नाही, ती तब्येतीला चांगली, यावर आमचं सगळ्यांचं एकमत होतं. साखरेचं तेवढं नव्हतं. शेजारच्या अक्का, ज्या घरात तेलुगू बोलतात, दारात मराठी बोलतात आणि भांडताना दोन्ही वापरतात, त्या एक दिवस इडली मोडता मोडता म्हणाल्या, ‘‘एवढं चाललालोय की ओ रोज, ह्याच्यात पंढरपूर आलं असतं.’’

झालं. आषाढीला पायी जायचं ठरलं.

घरी सांगितलं तर तिघांनी तीन बाजूंनी धरलं. आमचे हे घड्याळवाले. मनगटावरचं ते यंत्र त्यांना रात्रीची झोप कशी लागली ते सकाळी सांगतं, आणि ते सांगेपर्यंत त्यांना स्वतःला काही कळत नाही. त्यांनी लगेच लॅपटॉप उघडून माझ्या चालण्याचा तक्ता केला. त्यात ‘सरासरी वेग’ असा एक रकाना होता. तो बघूनच मला धाप लागली. पुण्याहून लेकीनं पोटऱ्या आवळणारे मोजे पाठवले. ते चढवायला दोन माणसं लागत आणि काढायला तीन. सासूबाई पंच्याऐंशीच्या. लग्नाआधी माहेरच्या दिंडीतून पंढरपूरला जायच्या, त्यामुळं या विषयावर त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी माझे नवे बूट उलटेपालटे करून बघितले आणि विचारलं, ‘‘विठोबाकडं चाललीस का कवायतीला?’’ साखर असलेल्या माणसाच्या तळव्याची संवेदना कमी होऊ शकते, जखम झालेली कळत नाही आणि चिघळली की लवकर भरत नाही, म्हणून अनवाणी चालायचं नाही, हे डॉक्टरांचं म्हणणं मी त्यांना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘जनाबाईला कुठं बूट होते?’’ जनाबाईंना साखर होती का, हे मी विचारलं नाही. घरात शांतता हवी असते.

पण खरं घोडं अडलं ते पाण्याशी. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी एकदा येतं, कधी पहाटे, कधी रात्री अकराला, आणि त्या वेळी घरात एक जबाबदार माणूस लागतो. सोलापुरात साखरपुडा, डोहाळजेवण, मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं पाण्याचा दिवस बघून ठरतं, पंचांग त्यानंतर. मी नसताना पाण्याचा दिवस येणार हे कळल्यावर ह्यांचा चेहरा उतरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हौदाचा कॉक कुठल्या बाजूला फिरवायचा हे त्यांच्या घड्याळात नव्हतं. शेवटी मी एक मुद्दा मांडला. उजनीतून सोलापूरसाठी भीमेत सोडलेलं पाणी पंढरपूर करत, मंगळवेढ्यावरून औजच्या बंधाऱ्यात येतं आणि टाकळीहून उपसून आपल्याला मिळतं. म्हणजे आपल्या नळाचं पाणीसुद्धा पंढरपूर करून घरी येतं. या घरात मीच तेवढी राहिलेय. ठराव मंजूर झाला. फ्रिजवर कॉक, मोटर, पिंप, कळशी असा क्रम लिहून मी निघाले.

आमची दिंडी लहानशी. एक वीणेकरी, एक मृदंगवाला, वीस-बावीस टाळ, डोक्यावर तुळस घेणाऱ्या दोघी, पताका धरणारी चार पोरं आणि मागून सामानाचा टेम्पो. भिशी भरली की जेवणाखाण्याची काळजी नाही. भिशी गोळा करणाऱ्या काकांकडं मी पावती मागितली. काका बघतच राहिले. ‘‘वहिनी, विठोबाच्या कामाला पावती?’’ मी म्हटलं, ‘‘मग तर हवीच.’’ त्यांनी चहाच्या पाकिटाच्या पाठीवर रक्कम लिहून सही करून दिली. ती मी जपून ठेवली.

पहिल्या दिवशी तिऱ्ह्याला सीना ओलांडेपर्यंत माझं सगळं पथ्य निकालात निघालं होतं. रस्त्याच्या कडेनं जागोजागी मांडव. चहा, केळी, बिस्किटं, शिरा, बुंदी, चिक्की. एरवी कुणाच्या घरी गेलं तर ‘‘साखर किती?’’ विचारतात. इथं नाही. इथं चहात चमचा उभा राहतो. एक म्हातारे गृहस्थ बिस्किटाचा पुडा घेऊन आमच्या मागं पळत आले. मी हात जोडून म्हटलं, ‘‘काका, मला शुगर आहे.’’ ते थांबले, विचारात पडले, मांडवात परत गेले आणि दुप्पट वेगानं आले. ‘‘हा लाडू घ्या मग, गुळाचा आहे.’’

आयुष्यभर मी देणाऱ्यांच्या बाजूला उभी होते. पालखीला केळी वाटायची, पाया पडायचं, चार ओळखीच्या बायकांना दिसेल अशा बेतानं उभं राहायचं आणि घरी यायचं. केळं हातात पडल्यावर त्या वारकऱ्याचं पुढं काय होतं, याचा विचार कधी शिवला नाही. आता कळलं. आधीचं केळं संपलेलं नसतं. हातात टाळ असतात. नाही म्हणावं तर समोरचा माणूस असा बघतो की जणू आपण त्याचा मोक्ष अडवला. म्हणून घ्यायचं, पिशवीत ठेवायचं, पुढं जायचं. दुपारपर्यंत आमच्या पिशव्यांत केळी काळी पडायला लागली. अक्का हिशोबी. त्यांनी पुढच्या वस्तीवर सगळी केळी पोरांना वाटून टाकली. पोरं खूश. त्यांनी ती ताटात मांडली आणि मागून येणाऱ्या दिंडीला वाटायला घेतली. मागून आमचेच टाळकरी येत होते. संध्याकाळी मुक्कामावर एका टाळकऱ्यानं मला प्रेमानं एक केळं दिलं. देठाजवळचा डाग बघून मी ते ओळखलं.

या रस्त्यावर कर्नाटकातल्या दिंड्या भेटतात, तेलंगणातल्या भेटतात. सगळ्यांना तुमच्या पोटाची काळजी. एक जण विचारणार ‘‘जेवलात का?’’, दुसरी ‘‘ऊटा आयता?’’, तिसरी ‘‘तिन्नारा?’’ आणि तिन्ही भाषांत ‘नाही’ म्हणायची सोय नाही. रात्रीचं जेवण मात्र माझ्या डॉक्टरांना चालण्यासारखं. ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगाचटणी, कांदा. मी समाधानानं जेवायचे, तोवर कुणीतरी परातीतून शिरा घेऊन यायचं.

दुसऱ्या दिवशी कामतीच्या अलीकडं माझ्या टाचेला फोड आला आणि दिंडीत उभी फूट पडली. एक गट सुई-दोऱ्याचा. फोडातून दोरा ओवायचा आणि तसाच ठेवायचा, पाणी झिरपून जातं, त्वचा निघत नाही. वर्षानुवर्षं वारकरी हेच करत आले. दुसरा गट रस्त्यातल्या फुकट दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंचा, म्हणजे तिचा एकटीचा. तिनं सांगितलं, ‘‘आजी, फोड फोडायचा नाही. वरची कातडी हीच त्याची पट्टी. तुम्हाला तर शुगर आहे, सुई लावू देऊ नका.’’ आजी म्हटल्याबद्दल मी तिला तिथंच माफ केलं आणि तिचं ऐकलं. तिनं कोरडी पट्टी लावून दिली. सुई-दोरा गटाच्या पुढारी आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. त्या पुढचा सगळा दिवस माझ्या टाचेकडं बघत होत्या. सुई पदराला टोचून तयार होती.

फोडापेक्षा मोठा विषय दुसराच असतो, आणि पुरुषांनी लिहिलेल्या वारीच्या वर्णनांत तो मला फारसा दिसला नाही. बायकांनी जायचं कुठं? मोठ्या पालख्यांच्या मार्गावर आता फिरत्या शौचालयांची रांग लावतात, ते चांगलं झालं. आमच्यासारख्या छोट्या दिंडीला तो आधार सगळीकडं मिळत नाही. म्हणून आम्ही पहाटे तीनला उठायचो. काकडआरतीसाठी, असं पुरुषांना वाटायचं. दिवसा मग तोंडात पाण्याचा थेंब घालताना दहादा विचार. उन्हात चालायचं आणि पाणी प्यायचं नाही, हा उपवास कुठल्या पोथीत नाही, पण रस्त्यावरची निम्मी बायकामंडळी तो करत असतात. तरुण डॉक्टरीणबाई त्यावरही ओरडली होती. बरोबरच होतं तिचं. पण ओरडून आडोसा उभा राहत नाही.

त्यात आमच्या ह्यांनी निघताना माझ्या फोनवर लाइव्ह लोकेशन चालू करून दिलेलं. भर दुपारी अक्का आणि मी रस्ता सोडून मोठ्या मुश्किलीनं एका बांधाआड गेलो. आषाढात तिकडची रानं मोकळी, ज्वारी पेरायची ती पाऊस सरता सरता, त्यामुळं लांबपर्यंत नुसती काळी जमीन आणि मध्ये एक बाभळ. तेवढ्यात फोन वाजला.

‘‘अगं, तू रस्ता सोडून शेतात शिरलीयस. चुकलीस का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग थांबलीयस का? अकरा मिनिटं झाली, हालचाल नाही.’’

बाभळीच्या पलीकडून अक्का ओरडल्या, ‘‘भावजी, ठेवा की ओ फोन!’’ त्यानंतर लोकेशन बंद झालं ते झालंच. ह्यांनी घरी सांगितलं की माझं नेटवर्क गेलं. सासूबाईंनी लगेच ओळखलं म्हणे.

संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. कीर्तनाबद्दल लोक खूप काही सांगतात. मी एवढंच सांगते की दिवसभर चालल्यावर बसल्या जागी जी झोप लागते, ती ह्यांच्या घड्याळानं कधी बघितलेली नाही. गजर सुरू झाला की जाग यायची, टाळ्या वाजवायच्या, पूर्वरंगाला पुन्हा मान टाकायची. शेजारी एक आजी होत्या, त्यांना झोपेतसुद्धा ठेका चुकत नव्हता.

बेगमपूरला भीमेचा पूल ओलांडला की माचणूर. नदीकाठी सिद्धेश्वराचं जुनं दगडी देऊळ, घाटाच्या पायऱ्या, आणि जवळच औरंगजेबाच्या वेळचा किल्ला. बादशहानं १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं इथं ब्रह्मपुरीला छावणी टाकली होती. दिल्लीचा कारभार या नदीकाठावरून चालायचा. आम्ही त्या इतिहासाच्या सावलीत पाय भीमेत सोडून बसलो आणि पोटऱ्या चोळल्या. हेच पाणी काही दिवसांनी माझ्या हौदात येणार, हे आठवल्यावर मी पाय जरा लवकर काढून घेतले.

मंगळवेढा मला सगळ्यांत जास्त आवडलं, आणि त्याचं कारण धंद्याचं आहे. हे दामाजीपंतांचं गाव. दुष्काळात लोक मरायला लागले तेव्हा बिदरच्या बादशहाच्या या अंमलदारानं सरकारी कोठारं उघडून धान्य वाटून टाकलं. वरची मंजुरी नाही, टिपण नाही, शिक्का नाही. पकडून न्यायला शिपाई आले. आणि मग कथा सांगते की विठोबा स्वतः विठू महार होऊन बिदरला गेला, धान्याची सगळी किंमत दरबारात भरली आणि पावती घेतली. पावती! दामाजीच्या देवळात उभं राहून मी भिशीच्या काकांकडं वळून बघितलं. ते माझी नजर चुकवून घंटा वाजवायला गेले. साक्षात पांडुरंग, ज्याच्या शब्दावर ब्रह्मांड चालतं असं आपण म्हणतो, त्यानं सरकारी भरणा करताना लेखी पुरावा घेतला. पतसंस्थेत माझ्या खुर्चीमागं कुठल्याही राष्ट्रपुरुषापेक्षा दामाजीचा फोटो शोभला असता. संचालक मंडळाला तो परवडला नसता, ही गोष्ट वेगळी.

याच गावात कुसवाचं बांधकाम कोसळून चोखोबा गेले. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारापाशी, नामदेव पायरीच्या समोर आहे. जिवंतपणी ज्याला देवळात पाऊल ठेवू दिलं नाही, त्याच्या समाधीला टेकून आता लोक चपला सांभाळत बसतात. आमच्या वीणेकरीबुवांनी मंगळवेढ्यात वीणा गळ्यातून न काढता बराच वेळ चोखोबांचे अभंग म्हटले, आणि त्या वेळी मी जागी होते.

मंगळवेढ्याहून पंढरपूरचा शेवटचा टप्पा वीस किलोमीटरच्या वरचा. या बाजूनं येणाऱ्याला आधी गोपाळपूर लागतं, आणि आषाढीला दर्शनाची बारी गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत आलेली असते. म्हणजे विठोबा भेटायच्या आधी त्याच्या रांगेचं शेपूट भेटतं. तिथं उभे असलेले लोक शांतपणे सांगत होते, वीस तास, तीस तास, बघू. वन्सं म्हणाल्या, उभं राहू. अक्का म्हणाल्या, माझे पाय माझ्याशी बोलत नाहीयेत. कळसाचं दर्शन घेतलं तरी वारी पोचते, असं वीणेकरीबुवांनी जाहीर केल्यावर वन्संसकट सगळ्यांनी इतक्या झटकन हात जोडले की कळससुद्धा दचकला असेल. गर्दीत कुणीतरी माझ्या पाया पडलं. मी वाकून त्याच्या पाया पडले. दोघांची डोकी आपटली. ‘‘माउली, लागलं का?’’ ‘‘नाही माउली, तुम्हाला?’’ एवढ्यावर भागलं. सोलापुरात सात रस्त्याला हाच धक्का लागला असता तर संवाद वेगळा झाला असता.

एकादशीचा उपवास. म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. एकादशी, दुप्पट खाशी. साबुदाणा म्हणजे कंदाचा निव्वळ स्टार्च. साखर वाढवायची असेल तर याहून सोपा उपाय नाही. पण प्रसादाला काय कारण सांगणार? गुळाचा लाडू आधीच पोटात होता.

येताना एसटी, हाफ तिकीट. चालत जायला इतके दिवस लागलेलं अंतर एका डुलकीत संपलं, आणि त्याचा मला जरा रागच आला.

घरी आले तर पिंपं भरलेली, हौद भरलेला, आणि त्याखेरीज कुकर, कढई, तांब्या, चहाचे कप, देवघरातली पंचपात्रीसुद्धा पाण्यानं भरून ठेवलेली. हे दाराशी उभे, कौतुकाची वाट बघत. केलं मी कौतुक.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला वजनकाट्यावर उभं केलं आणि लॅबला नेलं. एचबीएवनसी इतक्यात बदलत नसतं हे मी सांगत होते. त्यांना तक्ता पूर्ण करायचा होता. आकडा होता तिथंच. ह्यांनी लोकेशन बंद केल्याला दोष दिला. डॉक्टर म्हणाले गोळी चालू ठेवा आणि तीन महिन्यांनी या. वन्संच्या मते सुई-दोरा केला असता तर सगळं निचरून गेलं असतं. वजन मात्र बदललं होतं. एक किलो दोनशे ग्रॅमनं वाढलं होतं. मी काट्यावरून उतरून पुन्हा चढले, हे वाकून आकडा बघत राहिले, ‘‘एवढं चालून वाढलं कसं?’’

सासूबाई जपाची माळ न थांबवता म्हणाल्या, ‘‘पुण्याचं वजन आहे ते. तुझ्या घड्याळात नाही दिसायचं.’’

हे कोपऱ्यात जाऊन खरंच घड्याळाच्या सेटिंगमध्ये काहीतरी शोधायला लागले.